आकड्याखालची सही

माझं तोंड खराब आहे, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. तरी मी निवडणुकीला उभी राहिले, कारण दुसरं कोणी राहायला तयार नव्हतं.

नवीन प्राचार्य निवडणाऱ्या समितीत शिक्षकांमधून एकजण निवडून द्यायचा होता. प्रभारी प्राचार्यांना ती खुर्ची कायमची हवी होती, आणि ती मिळाली की पहिलं काम म्हणजे माझा मराठीचा बी.ए.चा वर्ग बंद. "उल्हासनगरात मराठी घेऊन बी.ए. कोण करतं?" असं ते मीटिंगमध्ये उघड बोलले होते. कोण करतं म्हणजे? माझी अकरा पोरं करत होती. कोणाचे वडील आनंदनगरच्या कारखान्यात शिफ्ट करायचे, कोणी बदलापूरच्या पलीकडच्या गावातून यायचं. वर्ग गेला तर त्यांचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. माझ्या विरोधात फिजिक्सचे सर उभे होते. माणूस वाईट नाही, पण प्रभारींच्या शब्दाबाहेर नाही.

मतं एकूण एकतीस. समान पडली तर ज्याची नोकरी जुनी तो जिंकणार, आणि फिजिक्सचे सर माझ्या आठच दिवस आधी रुजू झालेले. म्हणजे मला सोळा हवीच होती. मी अंबरनाथला दोन घरी गेले, कुळगावात तीन घरी चहा प्यायले, नको असलेली लाडवाची वाटी संपवली. चौदा मतं पक्की झाली. पंधरावं गणिताच्या सरांचं. ते सिंधी, उल्हासनगरातल्याच कॅम्प एकमध्ये राहणारे, कामापुरतं बोलणारे. "मॅडम, मेरा मत तुम्हालाच," एवढंच म्हणाले. सोळावं माझं स्वतःचं.

नियम साधा होता. नावापुढे फक्त '१' हा आकडा लिहायचा. टिक केली, सही केली, तर मत बाद. पण आम्ही सगळे पेपर तपासणारे लोक. आकडा लिहिला की त्याखाली छोटी सही हात आपोआप करतो. म्हणून मी प्रत्येकाला गाठून बजावलं, "हात आवरा. सही केलीत तर माझा वर्ग गेला."

आदल्या दिवशी कॉलेजसमोरच्या गाडीवर गणिताचे सर फिजिक्सच्या सरांबरोबर दालपकवान खाताना दिसले. दोघं हसत होते. माझ्या डोक्यात सणक गेली ती रात्रभर उतरली नाही. सकाळी स्टाफरूममध्ये सहाजणांसमोर मी म्हटलं, "काय सर, कालचा नाश्ता पचला का? मत कुठे जाणार ते कळलं मला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मैंने बोला है ना, मॅडम."

"बोलायला काय जातंय," मी म्हटलं, आणि पुढ्यातला पेपरांचा गठ्ठा ओढला.

दुपारपर्यंत तेच तपासत बसले. रागाने पानं उलटत होते. मतदानाला हाक आली तेव्हा हातातलं पेन तसंच घेऊन गेले.

मोजणी लायब्ररीत झाली. लायब्ररीच्या मॅडम एकेक कागद उघडून नाव वाचायच्या. मी बोटांवर मोजत होते. माझी पंधरा, फिजिक्सच्या सरांची पंधरा. एकच कागद उरला होता. मॅडमनी तो उघडला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"आकडा बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण खाली सही आहे. बाद."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मी भांडायलाच उठले होते. वाकून बघितलं. माझ्या नावापुढे '१', आणि त्याखाली गेली एकोणीस वर्षं गुणांखाली करते ती माझीच सही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मतं समान, नोकरी आठ दिवसांनी जुनी, म्हणून फिजिक्सचे सर निवडून आल्याचं मॅडमनी जाहीर केलं. ते माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

मग मला दुसरा हिशेब सुचला. माझं मत बाद होऊनही मला पंधरा पडली होती. चौदा पक्की, आणि एक गणिताच्या सरांचं.

ते जिन्यापाशी भेटले. मी म्हटलं, "सर, चुकले मी." माझ्या तोंडून हे शब्द किती वर्षांनी निघाले, मलाच आठवत नाही.

"जाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "मैंने तो दोन वेळा बघितलं, सही तर नाही ना झाली. तुम्ही बोलला होता म्हणून." ते टोमणा मारत नव्हते, म्हणून जास्त लागलं.

वर्गात अकराही जणं थांबली होती. निकाल त्यांच्या कानावर गेला होता. जिचे वडील आनंदनगरच्या कारखान्यात होते ती मुलगी पहिल्या बाकावरून म्हणाली, "एका मताने गेलं, मॅडम. कोणी दगा दिला?"

"मी," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मॅडम रागात आहेत. सगळ्यांनी मुकाट्याने पुस्तकं उघडली.