कॅम्परचा चौथा कोपरा

काही घरांत रिकाम्या बरण्या साठतात, तसे आमच्या ग्रुपमध्ये कॅम्परचे किस्से साठले आहेत. टाकवत नाहीत आणि उपयोगही काही नाही. दिवाळीच्या पार्टीत पुरुषमंडळी ते शिकारीचे आणि मासेमारीचे म्हणून सांगतात, आम्ही बायका हसतो, आणि मग किचनमध्ये आलो की तेच किस्से आमच्या बाजूने सांगतो. ते जरा वेगळे होतात. आता आम्ही सगळ्याच रिटायर्ड, कुणाची भीती नाही, तेव्हा आज आमच्या बाजूचेच ऐका.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, सनीव्हेलची. शरद म्हणजे माझा नवरा, त्याचा मित्र वसंत कुलकर्णी आणि नागपूरचा बोकारे, तिघं एकाच चिप कंपनीत इंजिनिअर. तिथले अमेरिकन लोक सोमवारी आले की कुणी हरिण मारलं, कुणी ट्राउट मासा पकडला, हेच बोलायचे. यांना वाटलं, आपण काय कमी आहोत? म्हणून तिघांनी मिळून एक जुना पिकअप ट्रक आणि त्याच्या मागच्या हौद्यात सरकवून बसवायचा कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे एक छोटी खोलीच. आत स्टोव्ह, सिंक, टेबल, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा एक पलंग.

तो आमच्या ड्राइव्हवेत आला त्या दिवशी आम्हा तिघींना टूर दिली गेली. वसंतने आम्हाला स्टोव्ह दाखवला, सिंक दाखवलं, भांडी ठेवायचं कपाट दाखवलं. कॅम्परमध्ये पलंग आहे हे मला आठवड्याने कळलं, झाडताना.

"मग आपण कधी जायचं?" मी विचारलं.

"वहिनी, हे फॅमिलीसाठी नाहीये. हंटिंग-फिशिंगसाठी आहे," वसंत म्हणाला.

आता माझं सांगते. मी वेंगुर्ल्याची सारस्वत. माझे वडील शाळामास्तर, पण रविवारी मला घेऊन खाडीवर गळ टाकून बसायचे. मी पकडलेली पहिली तांबोशी आईने वेगळ्या ताटात वाढली होती. अमेरिकेत आल्यापासून माझं एकच मागणं होतं, एकदा मला पाण्याकाठी गळ घेऊन बसायचंय. आणि आता ती गाडी माझ्याच दारात उभी होती आणि मला तिच्यात फक्त झाडू मारायला परवानगी होती.

* * *

पहिल्या ट्रिपचा किस्सा.

कॅम्पर ट्रकला चार साखळ्यांनी बांधावा लागतो, चार कोपऱ्यांना चार. तिघांनी मॅन्युअल वाचलं, चर्चा केली, आणि "प्रत्येकाने आपापला कोपरा चेक करायचा" अशी अगदी प्रोफेशनल सिस्टिम ठरवली. आम्ही तिघींनी पहाटेपासून केलेल्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि चिवडा आत भरला. गाडी निघाली. पहिल्याच चढावर कॅम्पर तिरका झाला, मागचं दार उघडलं आणि आमच्या पोळ्या फ्रीवेवर पसरल्या.

तिघं इंजिनिअर, कोपरे चार! चौथा कुणीच बांधला नव्हता.

तासाभरात ट्रिप संपवून परत आले. कुणाला काही झालं नाही, ते देवाचे उपकार. वसंत तोंड धुऊन सोफ्यावर बसला आणि म्हणाला की तो चौथा कोपरा खरं तर वहिनींनी बघायला हवा होता, त्या तिथेच डबे ठेवत होत्या. मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वेळी मी बरोबरच येते, वाटेत चौथा कोपरा बघत जाईन. कुणी हसलं नाही. मला तर हसू येण्याचा प्रश्नच नव्हता.

* * *

आमच्या घरात मासा शिजायचा नाही. शरद पुण्याचा कोकणस्थ, इथे येऊन सगळं खायला लागला होता. पण त्याची आई कधीतरी येईल, तिला घर चालायला हवं, म्हणून घरात नियम पाळायचा. आई सात समुद्रांपलीकडे, आणि तिच्या नाकाची काळजी मी सनीव्हेलमध्ये घ्यायची. त्यामुळे मासा साफ करायचा कॅम्परच्या सिंकमध्ये, तळायचा कॅम्परच्या स्टोव्हवर, आणि हे सगळं करणारी मी, कारण तिघांपैकी एकालाही मासा कुठून कापायचा हे माहीत नव्हतं. आपल्याच ड्राइव्हवेत, आपल्याच घराकडे तोंड करून मी मासे तळायचे.

एका रविवारी त्यांनी चार ट्राउट आणले. तळं कसं, पाणी कसं, शरदचा मासा कसा झुंजला, सगळं साग्रसंगीत सांगून झालं. मी मासा हातात घेतला. पोट व्यवस्थित चिरलेलं, आतून धुतलेलं, वर बर्फाचा चुरा.

"गळाला काय लावलं होतं?" मी विचारलं.

"वर्म्स," शरद म्हणाला.

"वर्म्सकडे सुरी होती वाटतं."

बोकारे बाहेर जाऊन उभा राहिला. शरद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मासा मात्र त्याने खाल्ला, आणि पुढच्या पार्टीत स्वतः पकडला, स्वतः साफ केला, असं सगळ्यांना सांगितलं. मी भात वाढत होते.

* * *

बोकारेने पुढे रायफल घेतली. हरणांचा सीझन सुरू झाला की तिघं नारिंगी जॅकेटं घालून शुक्रवारी निघायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही हरिण मारलं नाही. एकदा एक हरिण अगदी समोर आलं होतं म्हणे, पण पहिला मान कुणाचा यावर तिघांची कुजबुज चालली, आणि ते कंटाळून निघून गेलं.

अशाच एका वीकेंडला बोकारेच्या बायकोच्या, सुधाच्या, पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स. मी तिला माझ्या छोट्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं, वसंतच्या बायकोने, नलूने, मुलं सांभाळली. डोंगरात फोन लावणार कुठे? ऑपरेशन झालं. रविवारी संध्याकाळी बोकारे नारिंगी जॅकेटातच वॉर्डात आला. घाबरला होता बिचारा, पण पहिलं वाक्य काय तोंडातून निघालं, तर "आधी कळवलं का नाहीस?"

सुधा फार कमी बोलते. डोळे न उघडताच ती म्हणाली, "हरणाजवळ निरोप दिला होता."

हा किस्सा पुरुषमंडळी पार्टीत सांगत नाहीत.

* * *

मग एका वर्षी मार्चमध्ये सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. तोपर्यंत आमची मीनल सात वर्षांची झाली होती, आजीने मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. शरद कामावर, मी बँकेत काउंटरवर, मीनल शाळेत. सासूबाई दिवसभर पुढच्या खिडकीत बसून ड्राइव्हवे बघत. ड्राइव्हवेत बघण्यासारखं एकच होतं, कॅम्पर. मी आले की त्याच्याबद्दल विचारायच्या. आत झोपता येतं का, हलतं का, तिथे थंडी असते का.

एकदा जेवताना त्यांनी शरदला विचारलं, "तळं केवढं आहे रे? आपल्या पाषाणच्या तळ्याएवढं?"

"आई, तुला काय करायचंय? तिथे मासे मारतात," शरद म्हणाला.

त्या ताटातलं मीठ बोटाने गोळा करत राहिल्या. मला वाईट वाटलं, पण तेव्हा माझ्याकडे त्यांच्यासाठी फार माया शिल्लक नव्हती. कारण येऊन महिना होतोय तोच त्यांनी शरदला हळूच विचारलं होतं की तुमच्याकडे सगळीकडे एकच कार्पेट, मग ही बाहेर बसते कुठे? चार दिवस शिवायचं नाही, स्वयंपाकघरात यायचं नाही, हे त्यांच्या घरात अजून चालू होतं. मला वाटलं, शरद म्हणेल की आई, आम्ही हे पाळत नाही.

शरदचा चेहरा उजळला. इंजिनिअरला प्रॉब्लेम दिला की तसा उजळतो.

"कॅम्पर आहे की!" तो म्हणाला.

दिवसभर बँकेत शेकडो लोकांच्या हातात नोटा देणारी मी, संध्याकाळी माझ्याच ड्राइव्हवेत वेगळी बसले. सासूबाई डबा पायरीवर ठेवून मागे सरायच्या, मग मी तो उचलायचा. माझा संताप संताप झाला होता. भांडले का नाही म्हणाल, तर भांडले, खूप भांडले, पण शरदचं एकच पालुपद, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मीनल खिडकीखाली येऊन म्हणाली, "मॉम, आर यू कॅम्पिंग?" मी हो म्हटलं. शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याने शरदला कुंपणाशी गाठून समजूत घातली की त्यालाही एकदा बायकोने असंच बाहेर काढलं होतं, धीर धर, घेईल परत. त्याचा हिशेब जरा उलटा होता, पण मला सहानुभूती मिळाली ती तेवढीच.

* * *

आणि नेमका दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि शनिवारपासून ट्राउटचा सीझन सुरू.

संध्याकाळी वसंत आणि बोकारे रॉड घेऊन हजर. कॅम्परचं दार उघडतात तर आत मी, पलंगावर मासिक वाचत. तिघं ड्राइव्हवेत उभे राहिले. शरद मला म्हणाला, तू घरात जा. घराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, चौथ्या दिवसाआधी ती घरात येणार नाही. वसंतने मोटेलची कल्पना काढली, बोकारेने गॅरेजची. मी पान उलटलं. माझी जागा मी सोडणार नव्हते, ती मला दिलेली होती.

शेवटी शरद म्हणाला, "मग चल तू पण."

मीनलला सासूबाईंनी ठेवून घेतलं. निघताना चारही साखळ्या मी बांधल्या. तिघं पुढे बसले आणि मी वरच्या पलंगावर पालथी झोपून, समोरच्या छोट्या खिडकीतून, त्यांच्या डोक्यांवरून रस्ता बघत सिएराच्या डोंगरात पोचले.

सकाळी तळ्याकाठच्या दुकानात माझं लायसन्स काढलं आणि रॉड घेऊन बसले. पाण्यावर वाफ होती आणि बोटं गारठली होती. वडिलांची इतकी आठवण आली की मला रडू आलं. आनंदाचंही होतं, पण जास्त रागाचं. पाण्याकाठी बसायला मिळावं एवढ्यासाठी मला घराबाहेर काढावं लागलं होतं!

त्या दिवशी मासा एकट्या मलाच लागला. हातभर लांब, पोट न चिरलेला. मी तो तिथेच कापला, तळला, आणि तिघांनी चाटूनपुसून खाल्ला. मला शिवायचं नाही हे जेवताना कुणाच्याही लक्षात आलं नाही. पोटाला सोवळं नसतं. कापण्याआधी फोटो काढला होता, तो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. मासा शरदच्या हातात आहे. कॅमेरा माझ्या हातात होता.

* * *

आता शेवटचा. हा मी सुधा-नलूलाही फार उशिरा सांगितला.

त्या ट्रिपला पंधरवडा झाला असेल. पुरुषमंडळींचं पुन्हा जायचं ठरलं. बोकारे फोनवर शरदला सांगत होता की या वेळी काही अडचण नाही ना, बघून घे. मी बँकेतून आले, पर्स घेऊन सरळ कॅम्परमध्ये शिरले आणि खिडकीतून म्हटलं, "अहो, आईंना सांगा, मी बाहेर बसले." एरवी मी त्याला शरदच म्हणते, पण सासूबाईंसमोर अहो.

शरद बुचकळ्यात पडला. एवढा गणिती माणूस, पण हे गणित त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. त्याने दाराकडे, आईकडे पाहिलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यभर हेच गणित केलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"बघतोस काय नुसता?" त्या शरदला म्हणाल्या. "बसली म्हणजे बसली. तिला इथे कुठे ठेवणार? ने बरोबर."

शरद रॉड आणायला गॅरेजमध्ये गेला. सासूबाई घरातून डबा घेऊन आल्या. पायरीवर ठेवला नाही. दोन पायऱ्या चढून आल्या, डबा माझ्या हातात दिला आणि हात तसाच माझ्या हातावर ठेवून आत बघत राहिल्या. स्टोव्ह बघितला, सिंक बघितलं, वरचा पलंग बघितला, त्याच्यासमोरची खिडकी बघितली.

"माझं थांबलं गं आता," त्या म्हणाल्या. "नाहीतर मीही बसले असते."