नऊ पिस्टन

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान आहे. ते पोकलेनचे हायड्रॉलिक पंप दुरुस्त करतात. एवढं धूड हात उचलतं, बकेट वळवतं, ते सगळं पंपाने दाबून पाठवलेल्या तेलावर. पंपाच्या पोटात बोटाएवढे नऊ पिस्टन असतात, प्रत्येकाचं भोक वेगळं. घासून घासून ज्याचा तो तिथेच नीट बसतो. म्हणून काढलेले पिस्टन अण्णा कागदावर आकडे घालून क्रमाने मांडतात.

मागच्या उन्हाळ्यात एक ऑपरेटर मशीन घेऊन आला. तिची ताकद गेली होती. यानेच रगडून पंप खाल्ला, असं मालकाचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत चालली नाही तर उद्यापासून येऊ नको, असंही सांगितलेलं. ऐकून मी पेटलेच. आई अंगणवाडी ताईंच्या संघटनेतली, मी वाचायला शिकले तेच पत्रकांवर. मालकाच्या दादागिरीविरुद्ध पत्रक लिहिलं, चौकात जाऊन झेरॉक्स काढून गठ्ठा टेबलावर आणून ठेवला आणि चहा सांगायला गेले.

परत येते तो अण्णांनी एक पत्रक पालथं घालून त्यावर पिस्टन मांडलेले.

"अण्णा, हे वाटायचंय!" म्हणत मी कागद ओढला. नऊच्या नऊ पिस्टन चिंध्यांवर घरंगळले.

ऑपरेटरचा चेहरा उतरला. "उस्ताद, आता जमंल का?"

"पोरगी हाय माझी. हिचा पसारा आवरायची सवय हाय मला," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "झालं आंदोलन? ये, अंगठा दे."

ते पिस्टन तेलात बुडवून एकेका भोकात घालत. मी खालून अंगठ्याने भोक बंद करायचं, ते पिस्टन वर ओढणार. चुकीचा असला की सुळकन निघायचा. बरोबर असला की माझी कातडी आत खेचली जायची. दुपार त्यात गेली. अंगठा लालभडक झाला आणि मला, खरं सांगते, फार छान वाटत होतं.

पिस्टन जिथे टेकून फिरतात त्या चकतीवर रेघा पडल्या होत्या. अण्णांनी ती काचेवर पेस्ट लावून घासली. "ही रेघ ड्रायव्हरची न्हाई, तेलातल्या कचऱ्याची हाय," ते म्हणाले.

पंप चढवला तोवर मालक आला. "चालू करा जल्दी."

"शेठ, तेलाचा फिल्टर कधी बदलला?"

"ते ड्रायव्हरनं सांगाया पाहिजे ना."

"दोनदा सांगितलं शेठ," ऑपरेटर हळूच म्हणाला. "तुम्ही म्हणले, चालू दे."

"मंग नवा आणा," अण्णा म्हणाले. "त्याच्याबिगर मी चालू करत न्हाई."

मालकाने फोन लावला. तासाभरात फिल्टर आला. अण्णांनी आधी पंपात तेल भरलं, मगच ऑपरेटरला वर चढायला सांगितलं. मशीनचा हात थोडा कुरकुरला, आणि मग सरळ वर गेला.

मालक ऑपरेटरला म्हणाला, "उद्या सातला ये."

"आठला येतो शेठ," ऑपरेटर वरूनच म्हणाला. "सातला डबा होत न्हाई."

मालकाने एकदा अण्णांकडे पाहिलं.

"ये आठला."