न विचारता उठलेली मुलगी

नोकरीतली ती घटना अजून डोक्यातून जात नाही आणि आठवली की संतापच येतो.

लातूरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भरदुपारी एका शिकवणी वर्गाच्या तळमजल्यावर वायरिंग जळालं, धूर वर चढला आणि जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. जीव कोणाचा गेला नाही, पण बऱ्याच पोरांचे हातपाय मोडले. दुसऱ्या दिवशी वर्गाचा मालक फिर्याद द्यायला हजर. मूळच्या मुदखेडच्या एका विद्यार्थिनीने ‘आग, पळा’ अशी बोंब ठोकली म्हणून हे घडलं, तिच्यावर गुन्हा नोंदवा, असं त्याचं म्हणणं.

पुरावा म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. आणीबाणीत गर्दी कशी बाहेर पडेल, याचं हलतं चित्र त्याने एका तज्ज्ञाकडून रातोरात संगणकावर करून घेतलं होतं. एक मूल म्हणजे एक ठिपका. भोंगा वाजला की ठिपके उठत आणि शहाण्यासारखे जिना उतरत.

“बघा साहेब, कुणी ओरडलं नाही तर कुणाला खरचटत पण नाही.”

पोरगी डॉक्टर व्हायला निघालेली. तिच्या नावावर गुन्हा चढवायची मला घाई नव्हती. फिर्याद चौकशीवर ठेवली.

संध्याकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगेना. “त्या लेकराला कशाला छळून राहिले साहेब? आधी त्या सराला विचारा. धूर दिसला तरी ‘बसा’च म्हणला त्यो. माझं पोरगं तिथंच व्हतं.”

त्या वेळी वर्गावर असलेल्या सरांना जबाबासाठी बोलावलं. पढवलेला पोपट! “धूर मला दिसलाच नाही,” एवढंच पालुपद. मग मी वाद सोडला आणि चहा मागवला. म्हटलं, “सर, तुमच्या वर्गात शिस्त फार कडक, असं ऐकतो.”

सरांची छाती फुगली. “माझ्या परवानगीशिवाय कुणी जागचं हलत नाही, साहेब. गणित अर्ध्यावर होतं. दाराशी जरासा धूर आला म्हणून काय वर्ग उठवायचा?”

जरासा धूर! माझ्या हातातला कप खाली ठेवताना आपटलाच.

मालकासमोरच त्या तज्ज्ञाला बसवलं. विचारलं, “हे ठिपके लगेच कसे उठतात?”

“भोंगा वाजला की माणूस उठतो, असं धरलंय साहेब.”

इमारतीत भोंगाच नव्हता. मी म्हणालो, “आता यांना सर ‘उठा’ म्हणेपर्यंत बसवून ठेवा. आणि धूर सोडा.”

त्याने तसं केलं. वर्ग धुराने भरला, जिना भरला, तरी एक ठिपका हलला नाही. मालकाने लॅपटॉप मिटला. चेंगराचेंगरी हाकेने झाली नव्हती, उठायला झालेल्या उशिराने झाली होती. निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर आणि सरांवर नोंदवला.

एवढ्या वर्षांत मी एक पाहिलं. काही विपरीत घडलं की शहाणी माणसं आधी गर्दीला शिव्या घालतात. त्या गर्दीला बसवून कुणी ठेवलं होतं, हे कुणी विचारत नाही. आपण पोरांना उत्तरं घोकायला लावतो आणि जीव वाचवायला उठणं हा बेशिस्तपणा ठरवतो. याची चीड मला आजही आहे.

मुदखेडला तिच्या घरी मी स्वतः गेलो. तिच्या पायाला प्लास्टर होतं. सांगितलं, “बाळ, तुझ्यावर काही नाही. उलट तू ओरडलीस म्हणून पोरं वाचली.”

ती हळूच म्हणाली, “पण साहेब, सरांना न विचारता उठले मी. तेवढं तर चुकलंच ना?”