बगळे बसले नव्हते

त्या नावाड्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सावली गावाजवळच्या घाटावर तो वैनगंगेत डोंगा चालवायचा. पलीकडच्या टेकडीखाली पोलिसांचा गोळीबाराचा सराव असला की तिथे लाल झेंडा लागे आणि डोंगा थांबे.

त्या सकाळी पलीकडच्या शाळेत माझा नोकरीचा पहिला दिवस होता. झेंडा दिसत नव्हता, म्हणून मी डोंग्यात जाऊन बसले. तो मात्र काठावर उकिडवा बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"भाऊ, झेंडा नाही. चला ना," मी चिडून म्हटलं.

"बगळे कुठी हायेत, बाई? सकायच्या बारानं उडाले ते," नदीतल्या रेतीकडे हनुवटी उडवत तो म्हणाला. "झेंडा वाऱ्याचं आयकते. बगळे बंदुकीचं आयकतेत."

मी तोंड वाकडं केलं, तोच टेकडीखाली धडधड सुरू झाली. वारा आला तसा खांबाला गुंडाळलेला झेंडा सुटून फडकला. मी डोंग्यातून उतरले.

तासाभराने झेंडा काढला, तरी नावाडी हलला नाही. मग एक बगळा रेतीवर उतरला, पाठोपाठ सगळा थवा. तेव्हा कुठे त्याने बांबू रोवला. आम्ही बगळ्यांच्या अगदी शेजारून गेलो. एकही उडाला नाही, आणि नावाड्याची मान अशी ताठ, जणू नदी त्याचीच.

शाळेत हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं.

"बगळे बसले नव्हते," मीही ताठ मानेने सांगितलं.

त्यांनी मान डोलावून हजेरीबुक पुढे सरकवलं.