डॉक्टरांना दाखवायचा डबा

आता काय सांगू तुम्हाला, थकवा घालवायला निघाले आणि दुप्पट थकून आले!

तेव्हा गावोगावी ताकदीच्या पावडरींचं पेव फुटलं होतं. मी राहायला घोडेगावात, शाळेत शिकवायला डिंभ्याला. एसटीची वाट बघायची, पोरांवर ओरडायचं, घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. वेणी घालायलासुद्धा हात वर होईना, राव!

नणंदबाईंनी डबा आणून दिला. "वहिनी, दुधातून घ्या. पळत सुटाल!"

आता मला पळून जायचं तरी कुठं होतं?

नवरा म्हणाला, "असलं काही पोटात घालू नकोस."

घ्यावं की न घ्यावं? शेवटी रजा टाकली, डबा घेतला आणि थेट जुन्नरला डॉक्टरांकडे गेले.

कंपाउंडरनं आधी डबा बघितला, मग मला. "सायबांना दाखवायचाय व्हय? मंग बसा. आदी पेशंट."

मला वाटलं, आधी ताप-खोकल्याचे सोडत असतील. बसले. माझ्यामागून आलेली माणसं औषध घेऊन गेली. बाकावर मान टाकून मी पेंगतेय.

अखेर आत सोडलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. "बोला, काय फायदा याचा?"

"थकवा जातो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आमच्या नणंदबाई."

आता मान वर झाली. "बाई, तुमची कंपनी कुठली?"

"कंपनी? जिल्हा परिषदेची शाळा!"

"मग हे विकता कशाला?"

"विकत नाही हो! मी घेऊ का नको, एवढंच विचारायचंय!"

डॉक्टर हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. मग पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला सांगितलं. "रिपोर्ट येईपर्यंत डबा उघडू नका. आणि आज घरी जाऊन झोपा."

बाहेर कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, मिळाली का ऑर्डर?"

"मिळाली. झोपायची."

ती ऑर्डर मी एसटीतच पाळली. घोडेगाव कधी मागे पडलं, कळलंच नाही. कंडक्टरनं हलवलं. "ओ बाई, उठा! डिंभं आलं!"

उतरले, तर समोर हेडमास्तर उभे. परतीच्या गाडीचा पत्ता नाही.

"बाई! रजा असून आलात? याला म्हणतात तळमळ!" हेडमास्तरांनी चक्क हात जोडले. "चला, सहामाहीचे पेपर तपासायचेत. सातवीचेही तुम्हीच घ्या."

मी घेतले. नाही म्हणायचीसुद्धा ताकद नव्हती हो!