खिडक्यांचं फिनिशिंग

रंगाऱ्याचं खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. बाकी जगासाठी तो ‘फिनिशिंग’. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी पाण्याच्या पेल्याआधी भिंतीवरून बोट फिरवायचा आणि चेहरा पाडून बसायचा. “मला बघायला पहिल्यांदा आमच्याकडे आले,” बायको हसत सांगायची, “तेव्हा माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि दाराच्या चौकटीकडे अकरा वेळा. मी मोजलंय!”

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला लेकीच्याच शाळेचं काम मिळालं. मग काय, गड्याने जीव ओतला. शेवटच्या दिवशी खिडक्यांना ऑइलपेंटचा अखेरचा हात मारून तो कौतुकाने मागे सरकतोय, तोच रस्त्यावरून धुळीचा लोट उठला. ओल्या रंगावर धूळ! तो धावत सुटला आणि एकेका वर्गातली खिडक्यांची दारं घट्ट लावून आला.

शाळा उघडली तेव्हा खिडक्या आरशासारख्या चमकत होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी चारचौघांत पाठ थोपटली. फिनिशिंग आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होता.

दोन महिन्यांनी सातवीच्या बाईंचा निरोप आला: येऊन भेटा.

तो कामावरूनच गेला, खांद्याला हत्यारांची पिशवी तशीच. बाई वर्गाच्या दारातच भेटल्या.

“हे बघा, स्पर्धेसाठी गणिताचा गट निवडलाय, त्यातून तुमच्या मुलीला काढावं लागेल असं दिसतंय. सकाळी कशी टकाटक उत्तरं देते! आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मान टाकते. रात्री जागते का?”

“छे हो बाई! नऊला आडवी होते.”

“मग मोबाईल?”

“तो माझ्याच हातातून सुटत नाही, तिला कुठला मिळायला?”

“मग मला काही कळत नाही. शुक्रवारी चाचणी आहे, शेवटची संधी. तास आता सुरूच होतोय. बसा मागच्या बाकावर आणि बघा स्वतःच्या डोळ्यांनी.”

लेकीने या गटासाठी सुट्टीभर गणितं सोडवली होती. जेवताना ताटात बोटाने अपूर्णांक काढायची पोर. तिला काढणार? फिनिशिंगचं तोंड कडू झालं.

वर्गात पाऊल टाकलं आणि नाकाला दणका बसला. डबे, घाम, बूट आणि अठ्ठेचाळीस जणांचे उच्छ्वास. कुणीतरी गेल्या आठवड्याची हवा बरणीत भरून झाकण लावल्यासारखं. पण पाच मिनिटांत तो वास गेला. म्हणजे वास होता तिथेच, नाक सरावलं. बाईंनी फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार मांडला. फिनिशिंगने लेकीवर नजर रोखली. तिने जांभई दिली. शेजारणीने दिली. मग त्याने दिली. फळ्यावरचे आकडे एकमेकांना रेलून बसायला लागले...

“काका,” बाकावरच्या मुलीने कोपराने ढोसलं, “घोरताय.”

अख्खा वर्ग हसत सुटला.

“आता कळलं पोरगी कुणावर गेलीय ते!” बाई म्हणाल्या.

लेकीने वहीत तोंड लपवलं. फिनिशिंगचे कान लाल झाले. जरा वारा घ्यावा म्हणून तो उठून खिडकीशी गेला. कडी काढली, दार ढकललं. ढिम्म. खांदा लावला. ढिम्म. मग त्याने नाक जवळ नेऊन पाहिलं. दार आणि चौकट यांच्यामधला सांधा दिसतच नव्हता. रंगाची एकच गुळगुळीत साय. इतकं सुबक काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

“बाई, या खिडक्या तुम्ही कधी उघडता?”

“उघडतच नाहीत. बरंच आहे की, रस्त्याचा गोंगाट येत नाही. पंखे आहेत ना.”

“पंखा काय करणार? आहे तीच हवा फिरवणार.”

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “पुस्तकातही तेच आहे. बंद खोलीत आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, मग सुस्ती येते. हवा खेळती हवी. आम्ही पाठ केलाय तो धडा.”

“कुठे बसून पाठ केला?”

“इथेच.”

फिनिशिंगने एकदा त्या चकचकीत चौकटीकडे डोळे भरून पाहिलं. गप्प बसून घरी जाता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण त्याने पिशवीतून पुट्टीची पत्र्याची पट्टी काढली आणि सांध्यात खुपसली.

“अहो, अहो! हे काय चालवलंय? मुख्याध्यापिकाबाई मला विचारतील!”

“माझं नाव सांगा. रंग ओला असताना मीच दारं लावली. नवशिकासुद्धा करणार नाही असली चूक.”

करकर करत रंगाचे पापुद्रे सुटले. चौकट कुत्र्याने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. बघवत नव्हतं. खाट्‌कन दार उघडलं आणि वाऱ्याने पुढच्या बाकावरच्या वह्यांची पानं उलटली. मग दुसरी, तिसरी, चौथी. हॉर्न आत आले, कुणाचं तरी भांडणही आलं.

बाईंनी खिडकीशी येऊन खोल श्वास घेतला. मग म्हणाल्या, “रोज तीन वाजता माझं डोकं धरायचं. मला वाटायचं, तुम्हा पोरांमुळे.”

“बाई, आम्हाला वाटायचं गणितामुळे!” मागून कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्या चौकटी पाहिल्या, कपाळाला हात लावला आणि त्यालाच बोलावून उरलेल्या तेरा खोल्यांच्या खिडक्याही सोडवून घेतल्या. सातवीच्या बाईंनी गोंगाटावर तोडगा काढला: समजावताना रस्त्याकडच्या दोन खिडक्या लोटायच्या, सोडवताना सगळ्या सताड.

शुक्रवारी चाचणी झाली. शनिवारी लेक घरी आली आणि शांतपणे बूट काढत बसली. फिनिशिंगचा जीव वर-खाली.

“यादी लागली?”

“लागली.”

“अगं मग?”

“सात जण घेतलेत.”

“आणि तू?”

“सातवी.”

“शेवटून पहिली म्हण की!” आतून आई ओरडली.

“दोन गणितं चुकली,” लेक म्हणाली. “पण बाई म्हणाल्या, जागेपणी चुकलीस ना, मग सुधारता येतील.”