मागचे दोन फूट

मला मापं शिकवणारा माणूस आवडत नाही. लाकडाचं माप मी डोळ्यानं घेतो आणि डोळा माझा आजवर फसलेला नाही. त्या लॉरीच्या वेळीही तो फसला नव्हता. सगळं दुखणं तिथंच आहे.

नारायणगावात आमचं सुतारकामाचं छप्पर होतं. नांगर, पाभरी, आणि मुख्य म्हणजे बैलगाड्या. माझ्या हातच्या गाड्या पिंपरी पेंढारपासून डिंगोऱ्यापर्यंत चालायच्या. मोटारी तेव्हा नुकत्या कुठं दिसायला लागल्या होत्या. एक दिवस पेठेतल्या शेठजींनी लॉरी आणली. लॉरी कसली, चार चाकं, इंजिन आणि लांब लोखंडी सांगाडा. पुढची ड्रायव्हरची खोली आणि मागचा माल भरायचा हौदा लाकडाचा, तो ज्यानं त्यानं आपापल्या सुताराकडून बांधून घ्यायचा.

शेठजींचं घराणं मारवाडातलं, पण तीन पिढ्या इथं मुरलेलं. माणूस भला. आंबेगावाकडच्या डोंगरातले लोक हिरडा गोळा करून घोडेगावच्या बाजारात आणायचे, तो शेठजी विकत घ्यायचे आणि रंगवाल्यांना, चामडंवाल्यांना पाठवायचे. लॉरी चालवणार होता माझा धाकटा भाऊ. मुंबईत राहून मोटार शिकून आला होता आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. मला त्याचं कौतुक होतं. तोंडावर कधी बोललो नाही, ती गोष्ट वेगळी.

शेठजी म्हणाले, "मिस्त्री, हौदा दहा फुटी पाहिजे. हिरडा हलका, पोतं फुगतं. लांब नसेल तर खेप परवडत नाही."

भाऊ म्हणाला, "दादा, खोली रुंद अन् ऐसपैस कर. शेजारी माणूस नीट बसला पायजे."

"कोण माणूस बसणार हाय तुझ्या शेजारी?"

तो लाजला. बायको त्याची पाच महिन्यांची पोटुशी होती आणि तिचं माहेर डिंगोऱ्याचं. बाळंतपणाला तिला मागं पोत्यांवर नाही, पुढं स्वतःच्या शेजारी बसवून न्यायची, असं त्याच्या मनात होतं. म्हणाला, "सगळ्या गावानं बघितलं पायजे, राव!"

मी सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. खोली ऐसपैस केली तर हौदा मागं सरकणार. हौदा दहा फुटी केला तर मागच्या चाकांच्या पलीकडं दोन फूट नुसता अधांतरी लोंबणार. मी दोघांना म्हणालो, "एकानं मागं सरा. हौदा आठ फुटी घ्या, न्हाईतर खोली लहान घ्या. दोन्ही मिळायचं न्हाई. गाडी उलाळ व्हईल."

उलाळ म्हणजे काय ते गाडीवानाला विचारा. माल मागं जास्त झाला की बैलगाडीचं जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. पण त्यावर आमच्याकडं तोड ठरलेली. कोणी माल उतरवत बसत नाही. एका माणसाला पुढं धुरीवर बसवतात, जू खाली येतं, गाडी चालायला लागते. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हेच करत आलो.

शेठजी हसले. "मग बसवू की एकाला पुढं!"

आणि मीही हसलो. लोखंडाला बैलाचं औषध चालतं की नाही, हे मी विचारलंच नाही. एकाला दहा फूट दिले, दुसऱ्याला ऐसपैस खोली दिली. दोघंही खूश. सागाचं काम असं देखणं उतरलं की लोक मुद्दाम बघायला यायचे. मी मात्र रिकाम्या हौद्याच्या शेपटाला हात टेकवून दाबायचो आणि पुढची चाकं बघायचो. शेपूट दाबलं की त्यांच्यावरचा भार कमी होऊन ती जराशी सैल व्हायची.

पहिल्याच भरल्या खेपेला कळलं. घोडेगावच्या अलीकडं एक चढ होता, अरुंद, डाव्या हाताला खोल ओढा. मी शेजारी बसलो होतो. चढ लागला तसा भाऊ पुढं वाकला. हातातलं चाक त्यानं उजवीकडं फिरवलं, गाडी वळलीच नाही. परत फिरवलं. पुढची चाकं जमिनीला टेकतच नव्हती नीट. कशीबशी वळली.

"दादा, पुढं बस," तो एवढंच म्हणाला. मी उतरलो आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, दिव्याच्या दांडीला धरून बसलो. गाडी सुतासारखी चढली.

झालं, तेव्हापासून ती माझी जागा ठरली. दर खेपेला चढापाशी मी पत्र्यावर. ओढा थेट पायांखाली यायचा. खाली बघितलं की वाटायचं, हा आपली वाट बघतोय. घरी आल्यावर मी म्हणायचो, "अरे, दोन फूट कापू दे मला. अर्ध्या तासाचं काम हाय." तो म्हणायचा, "हंगाम व्हऊ दे, दादा. शेठजी नाराज व्हतील. तू हायेस ना पुढं?"

मीही जोर धरला नाही. खरं सांगू? माझ्या हातचं काम चुकलं, हे चारचौघांत करवत लावून कबूल करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मग घोडेगावच्या बाजारात तो माणसांत उभा राहून बोलला, "आमचा दादा म्हंजी लॉरीचा मारुती हाय. शेंदूर तेवढा लावायचा राहिलाय!" सगळे खो खो हसले. चेष्टाच होती. त्याच्या तोंडात कायम चेष्टाच असायची. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उद्यापासून तुझ्या शेठला बसव पुढं. मी न्हाई येनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी छपरासमोर थांबली. त्यानं भोंगा वाजवला. मी रंधा मारत होतो. दुसऱ्यांदा वाजवला. मी रंधा जोरात मारायला लागलो. बाहेरून हाक आली, "दादा, चल की! चुकलं माझं, राव." मी मान वर केली नाही. मनात म्हटलं, येऊ दे आत, धरू दे हात, मग जाईन. तो आत आला नाही. तिसऱ्यांदा भोंगा वाजला आणि लॉरी गेली.

दुपारी घोडेगावचा एक गाडीवान बैल पळवत आला. छपराच्या दारात उभा राहिला, पण आत येईना. म्हणाला, "सुतारभाऊ, चला."

लॉरी ओढ्यात उताणी पडली होती. भावाला लोकांनी वर काढून घोंगडी घातली होती. घोंगडी बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही. मी गाडीकडंच बघत राहिलो. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, माझ्या जागेवर, दिव्याच्या दांडीला सुंभाचा दोर गुंडाळलेला होता. त्याचं दुसरं टोक तुटून लोंबत होतं. गाडीवान म्हणाला, "चढाच्या खाली थांबून त्यानं धोंडा बांधला व्हता. लई मोठा. वळणावर धोंडा सुटला."

माझ्या जागी त्यानं धोंडा बांधला होता. इतका त्याचा त्या अर्धवट उपायावर विश्वास, आणि तो विश्वास त्याला दिला कोणी? मीच.

महिन्याभरानं शेठजींनी आठ बैल लावून लॉरी वर काढली आणि माझ्या छपरासमोर आणून ठेवली. ते खाली बघत म्हणाले, "मिस्त्री, आता आठ फुटी करा." मला त्यांचा राग आला नाही. करवत काढली. सागाची फळी, मीच निवडलेली, एक गाठ नाही. करवत लोण्यात जावी तशी जात होती. शेवटची फळी खाली पडली तेव्हा भाकरी थापायला बसलेल्या भावजयीची अजून निम्मीही पाटी झाली नव्हती.

ती पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. पोट चांगलंच पुढं आलं होतं. तिनं खाली पडलेल्या फळ्या बघितल्या, मग हौदा बघितला.

"भावजी," तिनं विचारलं, "एवढंच काम व्हतं?"

मी म्हणालो, "व्हय."